वेली गुलाब दर वर्षी पिवळा पडतो: मराठवाड्यातल्या अंगणासाठी समस्या निवारण

ऑक्टोबरात छाटणी होते, नोव्हेंबरात लालसर कोंब फुटतात आणि पहिला बहर बरा येतो, वासही येतो. जानेवारी सरता सरता शेंड्याची पानं फिकट दिसू लागतात. मार्चपर्यंत नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. पुढे काही पानं जवळजवळ पांढरी पडतात, कडा करपतात, कळ्या वाटाण्याएवढ्या राहतात आणि न उमलताच सुकतात. मग कोणी शेणखत घालतं, कोणी टॉनिक, कोणी डीएपी. जूनच्या पावसानंतर वेल थोडा सावरतो, उपाय लागू पडला असं वाटतं आणि पुढच्या जानेवारीत तेच सगळं पुन्हा सुरू होतं.

नव्या पानांचं असं जाळीदार पिवळेपण म्हणजे लोहाची उपासमार. मोसंबी किंवा ऊस करणाऱ्याला हे चित्र ओळखीचं आहे; उसात त्याला केवडा म्हणतात. गंमत अशी की मराठवाड्याची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आणि बेसाल्टमध्ये लोह भरपूर. म्हणजे मातीत लोह आहे, झाडाला ते घेता येत नाही. चुना त्याला अडवून धरतो. आणि अंगणातल्या गुलाबाच्या बाबतीत हा चुना बऱ्याच वेळा आपणच रोज बादलीने घालत असतो.

आधी खात्री: हे लोहाचंच आहे ना?

पिवळं पान दिसलं की लगेच हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) आणायला जाऊ नका. कुठलं पान पिवळं पडतंय ते बघा.

शेंड्याची, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या: लोह. पानं पिवळी, शिवाय बारीक आणि एकाच जागी झुपक्याने आली असतील तर जस्तही कमी आहे. आपल्याकडे दोन्ही एकत्र असणं नवल नाही.

खालची, जुनी पानं आधी पूर्ण पिवळी होऊन गळतात: नत्र कमी, किंवा पान आपलं वय संपवून गळतंय. जुन्याच पानांवर शिरांच्या मधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम.

पानावर सुई टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके, मागे धुरळा आणि बारीक जाळी: लाल कोळी. मार्च ते मे त्याचा हंगाम. याला लोह देऊन काही होणार नाही. सकाळी पाइपने पानांची मागची बाजू जोरात धुवा, तीन-चार दिवसांनी परत. पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक २ ग्रॅम प्रति लिटर चालतं, पण पारा ३२-३३ अंशांच्या वर असताना नको. एप्रिलच्या उन्हात गंधक फवारलं की कोळ्याआधी पानंच भाजतात.

ऑगस्ट-सप्टेंबरात झालरीसारख्या कडांचे काळे डाग आणि त्याभोवती पिवळेपणा: काळे ठिपके हा बुरशीचा रोग. गळलेली पानं गोळा करून जाळा, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी द्या.

पानांच्या फक्त कडा तपकिरी, कुरकुरीत: क्षार साठले आहेत किंवा लू लागली आहे.

शंका उरलीच तर अर्ध्या पानाची चाचणी करा. एक लिटर पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, आणि २-३ ग्रॅम हिराकस विरघळवा. नुकतंच पूर्ण उघडलेलं एक पिवळं पान निवडा आणि संध्याकाळी कुंचल्याने मधल्या शिरेच्या एकाच बाजूला हे पाणी लावा, वरून आणि खालून. पानाला दोरा बांधून खूण करा. सात ते दहा दिवसांत लावलेली बाजू हिरवी झाली आणि दुसरी पिवळीच राहिली, तर निदान पक्कं. दोन्ही बाजू तशाच राहिल्या तर दुसरं कारण शोधा. खर्च जवळजवळ शून्य, आणि महागडी औषधं आणण्याआधी एवढं तरी करावंच.

पावसाळ्यात सुधारतो की बिघडतो?

वेल जुलै-ऑगस्टात कसा दिसतो, यावर पुढचा सगळा उपाय ठरतो.

पावसात सुधारत असेल तर दोष मुख्यतः पाण्यात आहे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे मुळांजवळची परिस्थिती तेवढ्यापुरती निवळते. पाऊस संपला, बोअर सुरू झाली की उलटी गणती सुरू.

पावसात आणखी बिघडत असेल तर दोष निचऱ्यात आहे. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातली हवा निघून जाते. मुळांनी आणि जीवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही. तो पाण्यात विरघळतो, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट बनवतो आणि ते बायकार्बोनेट लोहाचं शोषण थांबवतं. म्हणून चुनखडीच्या ओल्या मातीत हिराकस कितीही ओता, पानं पिवळीच.

दोन्ही ऋतूंत पिवळा राहणारा वेल बहुधा भिंतीलगतच्या राडारोड्यात लावलेला असतो. वेली गुलाब भिंतीलाच लावायचा, आणि घर बांधताना सिमेंट, वाळू, गिलाव्याचे तुकडे, चुन्याची घाण भिंतीच्याच कडेला पडते. वरून चार बोटं माती पसरली की दिसत नाही. फूटभर खणून बघा.

माती आणि पाणी तपासणं

माती घरी तपासता येते. कोरडं ढेकूळ फोडून त्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाका आणि कान जवळ नेऊन ऐका. चरचर आवाज, बुडबुडे आले की मोकळा चुना आहे. जोरात फसफसलं तर भरपूर आहे. पांढरे खडे दिसले तर चाचणीचीही गरज नाही. हीच चाचणी विकत आणलेल्या मुरमाचीही करा. ट्रॅक्टरवाला ‘लाल मुरूम’ म्हणून जो टाकून जातो त्यातही अनेकदा चुनखडी असते.

आकडे हवे असतील तर परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विभागाची मृद तपासणी प्रयोगशाळा गाठा. अहवालात सामू (पीएच), क्षारता, मुक्त चुना आणि लोह हे चार रकाने पाहा. काळ्या मातीचा सामू साधारण ७.८ ते ८.५ असतो, गुलाबाला ६ ते ७ मानवतो. लोह ४.५ पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरतात, जस्त ०.६ च्या खाली.

पाण्याबाबत एक गैरसमज आहे. पेनासारखा टीडीएस मीटर लावून ‘आमचं पाणी ६००, ठीक आहे’ असं म्हणतात. टीडीएस एकूण क्षार सांगतो, त्यात बायकार्बोनेट किती हे सांगत नाही. प्रयोगशाळेत बायकार्बोनेट मागून घ्या. लिटरला ९० मिलिग्रॅमच्या आत असेल तर निर्धास्त राहा, ५०० च्या वर असेल तर ते पाणी एकट्याने गुलाबाला देऊ नये. मधलं पाणी असेल तर पुढे दिलेली काळजी घ्यायची. अहवाल नसेल तर गीझरची कॉइल, पाणी तापवायचं पातेलं आणि नळाची तोटी बघा. पांढरा थर जेवढा जाड, तेवढा गुलाबाला त्रास.

आता हिशोब. बायकार्बोनेट ४०० मिलिग्रॅम असलेलं बोअरचं पाणी तुम्ही नोव्हेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत रोज एक बादली, १५ लिटर, घालता. सव्वादोनशे दिवसांत सुमारे ३,४०० लिटर झाले. त्यातलं बायकार्बोनेट १,३५० ग्रॅमच्या आसपास. माती वाळताना ते कॅल्शियमबरोबर बसलं तर किलोभराहून जास्त चुना तयार होतो, तोही फक्त एका झाडाच्या आळ्यात आणि एका वर्षात. एवढा चुना आत येत असताना वरून पन्नास ग्रॅम हिराकस टाकून काय होणार? आजार परत येतो तो असा.

पाणी बदला, निदान कमी करा

पहिली गोष्ट फुकटची आहे: रोज पाणी देणं थांबवा. दोन फूट खोल मुळं गेलेल्या वेलाला काळ्या मातीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर चौथ्या दिवशी १२ लिटर आणि मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत एकाआड एक दिवस १५ लिटर बहुतेक ठिकाणी पुरतं. देण्याआधी बोट दोन पेर मातीत घाला. ओल लागली तर आज नको. हंगामाचं पाणी १,१५० लिटरच्या आसपास येतं, म्हणजे रोजच्या बादलीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. चुनाही तेवढाच कमी.

हे पाणी टिकायचं तर आच्छादन हवं. लातूर-नांदेडकडे सोयाबीनचं भुसकट मिळतं, उसाच्या पट्ट्यात पाचट. तीन इंचांचा थर, बुंध्यापासून चार बोटं मोकळी जागा सोडून. उन्हाळ्यात एकदा परत भरावा लागतो, तो कुजून जातो. जाऊ द्या, तेवढाच सेंद्रिय कर्ब वाढतो. वाळवीवर मात्र लक्ष ठेवा.

दुसरी गोष्ट पावसाचं पाणी. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. दहा चौरस मीटरचा छताचा कोपरा आणि हंगामाचा ७०० मिलिमीटर पाऊस धरला, त्यातलं वीस टक्के वाया गेलं म्हटलं, तरी ५,६०० लिटर. गुलाबाला लागणार साडेअकराशे. एक हजार लिटरची टाकी भरून झाकून ठेवली आणि बोअरचं पाणी निम्मंनिम्म मिसळलं तर दोन वेल उन्हाळा काढतात. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी छत धुऊन जाऊ द्यावं. टाकी काळी किंवा झाकलेली हवी, नाहीतर शेवाळ. तोंडाला बारीक जाळी, नाहीतर डास.

टाकीला जागा नसेल तर जे आहे ते राखून वापरा. धरणाचं नळाचं पाणी बोअरपेक्षा बहुधा हलकं असतं. ते आठवड्यातून एकदाच येत असलं तरी त्यातली एक बादली वेलाला द्या. एसीचं टपकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते सोन्यासारखं जपा. याउलट तीन पाणी अजिबात नकोत. आरओ मशीनचं सोडलेलं पाणी, कारण गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच एकवटतात. कूलरच्या टाकीचं उरलेलं पाणी, तेच कारण: पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि मे महिन्यात ते उचलून झाडांना घालायची पद्धत घरोघरी आहे. आणि मिठाने चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी. भांड्याला थर बसत नाही म्हणून ते चांगलं वाटतं, पण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेला असतो आणि सोडियमने काळी माती दगडासारखी बसते.

बोअरच्या पाण्यात लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर घालून रोज देण्याचा सल्ला सगळीकडे फिरतो. बादलीत सामू उतरतो हे खरं. पण मातीत गेल्यावर जीवाणू हे सेंद्रिय आम्ल खातात आणि त्यातून बायकार्बोनेट परत तयार होतं. फवारणीच्या आणि हिराकसच्या पाण्यासाठी लिंबूसत्त्व उत्तम, रोजच्या पाण्यासाठी त्यावर पैसे घालवू नका. बॅटरीतलं ॲसिड कोणी सुचवलं तर ते घरच्या बागेत आणूच नका.

लोह कसं द्यायचं

पाण्याची व्यवस्था लागेपर्यंत वेलाला हिरवं ठेवायचं आहे. मार्ग दोन: पानातून आणि मुळातून.

पानातून स्वस्त आणि लवकर. एक लिटर पावसाच्या पाण्यात आधी १ ग्रॅम लिंबूसत्त्व, ते विरघळल्यावर ५ ग्रॅम हिराकस. कोवळ्या फुटीवर पहिल्या वेळी ३ ग्रॅमच घ्या. क्रम उलटा करू नका. साध्या बोअरच्या पाण्यात हिराकस टाकला तर काही मिनिटांत पाणी गढूळ तपकिरी होतं. ते लोह गंजून बसलं, आता पानात जाणार नाही. हिराकस विकत घेताना रंग बघा: फिकट हिरवा ताजा, पिवळट-तपकिरी झालेला जुना. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंना, आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. उमललेल्या फुलांवर डाग पडतात आणि भिंतीवर, फरशीवर गंजाचे डाग पडले तर निघत नाहीत. मागे जुनं पोतं धरा. जस्तही कमी असेल तर मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांचं ग्रेड-२ घ्या. ते फवारणीसाठी असतं. ग्रेड-१ जमिनीत द्यायचं.

फवारणीने पानावर हिरवे ठिपके येतात, सगळं पान एकसारखं होत नाही. पानात शिरलेलं लोह तिथून फारसं हलत नाही, त्यामुळे पुढे येणारं पान पुन्हा पिवळंच जन्मतं. म्हणून फवारणी ही मलमपट्टी समजा.

मुळातून द्यायचं तर कुठलं लोह घेतो याला फार महत्त्व आहे. दुकानात ‘चिलेटेड फेरस’, म्हणजे दुसऱ्या पदार्थाने धरून ठेवलेलं लोह, मागितलं की बहुतेक वेळा ईडीटीए प्रकारचं, १२ टक्के लोहाचं पाकीट मिळतं. ते फवारणीला चांगलं. चुनखडीच्या मातीत ओतलं तर कॅल्शियम लोहाला बाहेर काढून त्याची जागा घेतं आणि लोह पुन्हा बंदिस्त. सामू साडेसहाच्या वर गेला की त्याचा भरवसा नाही. ८ च्या पुढच्या मातीत टिकतं ते ईडीडीएचए प्रकारचं, ६ टक्के लोहाचं. गडद काळपट-लाल भुकटी, पाण्यात टाकली की पाणी लालभडक. महाग आहे, सगळ्या दुकानांत मिळत नाही. फळबागांची औषधं ठेवणाऱ्यांकडे, द्राक्ष-मोसंबीच्या भागात, विचारा. पाकिटावर ‘ईडीडीएचए’ ही अक्षरं वाचूनच पैसे द्या.

मोठ्या वेलाला १० ग्रॅम, लहानाला ५ ग्रॅम, १० लिटर पाण्यात. आदल्या दिवशी आळं ओलं करा. आच्छादन बाजूला सारून बुंध्यापासून फूटभर अंतरावर गोल ओता, वर थोडं साधं पाणी देऊन आत जिरवा आणि आच्छादन लगेच परत टाका, कारण उन्हात हे लोह निकामी होतं. वेळ दोनदा: छाटणीनंतर कोंब बोटभर झाले की, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पिवळेपणा वाढण्याआधी. पूर्ण पांढऱ्या पडलेल्या जुन्या पानांकडे बघून निराश होऊ नका, ती सुधारतीलच असं नाही. दोन-तीन आठवड्यांनी येणारी नवी पानं बघा.

ईडीडीएचए मिळालं नाही तर हिराकस शेणखतात मुरवून द्या. पाच किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात ५० ग्रॅम हिराकस, ओलसर करून, झाकून पंधरा दिवस सावलीत. मग मातीत सगळीकडे न पसरता बुंध्यापासून फूटभर अंतरावर तीन-चार खळग्यांत भरा. पसरलं की चुन्याशी जास्त गाठ पडते. शेणखत मात्र कुजलेलंच हवं, अर्धवट शेणातून हुमणी येते आणि ती मुळंच खाते.

गंधकाबद्दलही थोडं, कारण ‘गंधक घाला, सामू उतरेल’ हे अर्धसत्य आहे. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात पावणेतीनशे किलोच्या आसपास माती असते. त्यात ५ टक्के मोकळा चुना असेल तर तो झाला चौदा किलो. तो सगळा मारायला साडेचार किलो गंधक लागेल, आणि तेवढं गंधक घातलेल्या खड्ड्यात गुलाब जगणार नाही. तेव्हा सगळ्या मातीचा सामू बदलायचा नाद सोडा. वरच्याच शेणखताच्या खळग्यांत प्रत्येकी २०-२५ ग्रॅम दाणेदार बेन्टोनाइट गंधक मिसळा. ऊब आणि ओल असेल तर जीवाणू त्याचं आम्ल करतात, दोन-चार महिने लागतात, आणि तेवढ्या खळग्यात मुळांना लोह मिळणारी जागा तयार होते. झाडाला तेवढ्या जागा पुरतात.

जे घालणं थांबवायचं आहे

अंड्याची टरफलं, चुलीची राख, खडूची भुकटी, पान खाण्याचा चुना: हे कोकणातल्या आंबट, लाल जांभ्या मातीचे उपाय. तिथे सामू खाली, पाऊस प्रचंड, समुद्राकडून येणारा खारा वारा आणि दमटपणामुळे काळे ठिपके ही खरी डोकेदुखी. लोहाची वानवा तिथल्या मातीत नाही. तिकडच्या बागेचा सल्ला इथे लागू केला की चुन्यात चुना.

डीएपी आणि हाडांचं खत दर महिन्याला देणारे पुष्कळ आहेत, ‘फुलं येतात’ म्हणून. सामू ८ असताना हाडांचं खत विरघळतच नाही, आणि विरघळणारा स्फुरद (फॉस्फरस) जास्त झाला तर लोह आणखी अडतं. मृद अहवालात स्फुरद भरपूर दिसत असेल तर दोन वर्षं स्फुरद पूर्ण बंद. नत्रासाठी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट घ्या, त्याचा मातीवरचा परिणाम आम्लधर्मी असतो: मोठ्या वेलाला महिन्याला २५ ग्रॅम, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, ओल्या मातीत. पालाशसाठी सल्फेट ऑफ पोटॅश १५ ग्रॅम. एप्रिल-मेमध्ये कुठलंच रासायनिक खत नको.

निचरा बिघडलेला असेल तर

औषध देत बसू नका, वेल उचला. ऑक्टोबरात छाटणीच्या वेळी, मुळांभोवती फूटभर मातीचा गोळा धरून. नवी जागा भिंतीपासून दीड फूट लांब, जमिनीपासून फूटभर उंच वाफा. खड्डा दोन फुटांचा. राडारोडा निघाला तर तो संपेपर्यंत खणा. भरताना एक भाग फसफस न करणारी काळी माती किंवा पोयटा, एक भाग चाचणी केलेला मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत. तळाला विटांचे तुकडे घालायची पद्धत आहे. जुन्या विटांना चुना-सिमेंट चिकटलेलं असतं, त्यापेक्षा जाड मुरूम बरा. कलमाचा सांधा मातीच्या दोन इंच वर ठेवा.

भिंत शक्यतो पूर्वेची. पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. पानं करपतात आणि वासाचं तेल उडून जातं. पश्चिमेलाच लावायचं असेल तर तारा भिंतीपासून किमान तीन-चार इंच पुढे घ्या, म्हणजे मागून हवा खेळेल.

जाता जाता: हिरवा झालेला वेल फुलत नसेल तर काड्या सरळ वर चढवल्या आहेत का बघा. सरळ काडी फक्त शेंड्याला फुलते. दीड-दीड फुटांवर आडव्या तारा ओढून काड्या आडव्या किंवा ४५ अंशांत वाकवून सुतळीने सैल बांधल्या की प्रत्येक डोळा फुटतो. छाटणीत मुख्य काड्या राखा, बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर कापा. झुडपाच्या जातीतून निघालेल्या ‘क्लाइंबिंग’ जाती पहिल्या दोन वर्षांत खोल छाटल्या तर परत झुडूप होऊ शकतात.

खुंट चुकीचा असेल तर

वरचं सगळं करूनही दोन हंगामांत वेल पिवळाच राहिला, तर कलम कुठल्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या झाडावर, बांधलं आहे ते बघायची वेळ आली. मोसंबीचं रोप घेताना जालन्याचा बागायतदार खुंट रंगपूर की जंबेरी हे विचारल्याशिवाय पैसे काढत नाही. गुलाब घेताना मात्र सगळे फुलाचा रंग विचारून येतात.

मल्टिफ्लोरा या जंगली गुलाबाच्या खुंटाला चुनखडी मानवत नाही. ओळखायला सांध्याखालून आलेला जंगली फुटवा शोधा: पानाच्या देठाशी असलेल्या छोट्या उपपर्णांच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या असतील आणि एका पानात सात-नऊ बारीक पर्णिका असतील, तर मल्टिफ्लोरा. अशा वेलाला आयुष्यभर ईडीडीएचए पाजावं लागेल. ओडोराटा खुंट क्षार आणि जास्त सामू बराच सहन करतो. रोपवाटिकेत नावानिशी विचारा. सांगता येत नसेल तर दुसरी रोपवाटिका बघा.

जातींमध्ये वासासाठी ‘डॉन जुआन’ (१९५८, गडद लाल), ‘क्लाइंबिंग क्रिमझन ग्लोरी’ आणि फिकट पिवळा जुना ‘मारेशाल नील’ (१८६४) शोधण्यासारखे आहेत. ‘मारेशाल नील’ ऊब सहन करणाऱ्या कुळातला, पण फुलं खाली मान घालतात, तेव्हा तो उंच कमानीवरच चढवा. ‘जेफिरीन द्रूआं’ (१८६८) बिनकाट्यांचा आणि सुवासिक, दारालगत बरा. पावसाळ्यात त्याला काळे ठिपके आणि भुरी लवकर धरते.

आवडती जात मल्टिफ्लोरावर अडकली असेल तर वेल काढण्याआधी तिचे डोळे वाचवा. पावसाळ्यात ओडोराटाच्या पेन्सिलएवढ्या जाड, आठ इंची काड्या मुरूम-शेणखताच्या पिशवीत लावा, मुळं धरू द्या. डिसेंबर-जानेवारीत, साल सहज सुटत असताना, जुन्या वेलाच्या नुकत्याच फुलून गेलेल्या फांदीवरचे फुगीर पण न फुटलेले डोळे काढून खुंटाच्या सालीला दिलेल्या टी आकाराच्या कापात बसवा आणि पट्टीने बांधा. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा असेल तर पट्टी सोडा आणि खुंटाचा वरचा भाग सांध्याच्या दोन इंच वर कापा. नवं रोप जुन्याच खड्ड्यात लावायचं असेल तर आधी तिथली दोन फूट माती पूर्ण बदला.